टोकियोत उरलेली सामुराई वाड्यांची दारं: काळं, लाल आणि बाकीची

निशिकासाईकर
टोकियोला येणारे आपले लोक आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, स्कायट्री एवढं उरकतात आणि सामुराई बघायला क्योतोची गाडी धरतात. मला हे उलटं वाटतं. क्योतो सम्राटाचं आणि देवळांचं शहर. सामुराईंचं शहर म्हणजे एदो, आजचं टोकियो. एदोच्या जमिनीपैकी साधारण सत्तर टक्के जमीन सामुराई घराण्यांकडे होती. व्यापारी, कारागीर, देवळं-मठ हे सगळे उरलेल्या जागेत.

कारण राजकीय होतं. १६३५ पासून शोगुनने (म्हणजे देशाचा कारभार हाती असलेल्या लष्करी सत्ताधीशाने) नियमच केला: प्रत्येक दाइम्योने (म्हणजे प्रांताच्या सरदाराने) आलटून पालटून एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या प्रांतात राहायचं. बायको आणि वारस मात्र कायम एदोत. उघड उघड ओलीस! त्यामुळे अडीचशेच्या वर दाइम्यो, प्रत्येकाचा एदोत एक मोठा वाडा, शिवाय जोडीला आणखी दोन-तीन. १८६२ मध्ये नियम ढिला झाला, बायकामुलं आपापल्या गावी निघून गेली, वाडे ओस पडले. १८६८ मध्ये शोगुनची सत्ता गेली आणि नंतर नव्या सरकारने या जागा फौजेला, खात्यांना, शाळांना दिल्या. पुढे १९२३ चा भूकंप, मग १९४५ चे बॉम्बहल्ले. वाडा म्हणावा असा वाडा शहरात राहिलाच नाही. दारं राहिली. त्यातली दोन मोठी दारं एका दुपारी चालत बघून होतात, म्हणून हा धागा.

काळं दार (कुरोमोन) उएनो पार्कमध्ये, नॅशनल म्युझियमच्या आवाराच्या कडेला आहे. लोक मुख्य फाटकातून आत जातात, तलवारी आणि चिलखतं बघतात आणि बाहेर येतात. डावीकडे शंभरेक पावलांवर खरा दाइम्योचा दरवाजा उभा आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. हे तोत्तोरी प्रांताच्या इकेदा घराण्याचं दार. त्यांचा वाडा मारुनोउचीला होता, म्हणजे आज जिथे टोकियो स्टेशनसमोर बँकांचे मनोरे आहेत तिथे. १८९२ मध्ये दार तिथून उचलून ताकानावाच्या राजवाड्याला लावलं. पुढे तो वाडा युवराजांकडे, मग ताकामात्सु या राजपुत्राच्या घराण्याकडे गेला. १९५४ मध्ये दार उएनोला आलं.

लाल दार (आकामोन) होंगोला, टोकियो विद्यापीठाच्या कुंपणात. काळ्याच्या मानाने फारच प्रसिद्ध; 'लाल दार' म्हटलं की जपानी माणसाला विद्यापीठच आठवतं. १८२७ मध्ये अकरावे शोगुन तोकुगावा इएनारी यांची मुलगी योहिमे कागा प्रांताच्या माएदा घराण्यात दिली, तेव्हा तिच्यासाठी हे दार बांधलं. शोगुनची मुलगी सून म्हणून आली की तिच्यासाठी वेगळा महाल आणि त्याला लाल दार, अशी रीत होती. माएदांचं स्वतःचं मुख्य दार केव्हाच गेलं. सुनेचं राहिलं.

एक सूचना आधीच देतो. फेब्रुवारी २०२१ पासून लाल दार बंद आहे. भूकंपात टिकेल इतकं मजबूत नाही असं तपासणीत निघालं. समोरच्या फुटपाथवरून नीट दिसतं, पण त्याखालून जाता येत नाही.

दोन्हींत बघण्यासारखं कोणतं, असं मला विचाराल तर काळं. का ते कुणी विचारलं तर सांगतो. :)

चौकसबुवा
विचारलं! आणि आणखी एक. उएनोच्या काळ्या दारावर बंदुकीच्या गोळ्यांची भोकं आहेत असं वाचलं होतं. म्युझियमजवळच्या दारावर ती नेमकी कुठे दिसतात? गेल्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या मित्राला काहीच दिसलं नाही म्हणे.

निशिकासाईकर
मित्राचे डोळे शाबूत आहेत. उएनोची काळी दारं दोन, आणि या गोंधळात बरेच जण सापडतात. गोळ्यांचं दार कानएइजी मठाचं. जुलै १८६८ मध्ये शोगुनच्या बाजूचे शोगिताई सैनिक त्या मठात ठाण मांडून बसले होते, नव्या सरकारच्या फौजेने एका दिवसात त्यांचा फडशा पाडला. त्या दाराला भोकं आहेत आणि आजही बोट घालून बघता येतील एवढी आहेत, पण ते १९०७ मध्ये मिनामिसेंजूच्या एन्त्सुजी देवळात नेलं. त्या देवळाने मेलेल्या शोगिताई सैनिकांचे अंत्यसंस्कार केले होते, म्हणून दार तिकडे गेलं. म्युझियमचं दार हे सरदाराच्या घराचं, त्याने लढाई पाहिलेली नाही.

आता काळंच का, ते. काळ्या दाराजवळ गेलात की दोन्ही बाजूंच्या देवड्या बघा. पहारेकऱ्यांच्या या खोल्या दाराच्या रेषेच्या पुढे आलेल्या आहेत, त्यांना उभ्या गजांच्या खिडक्या आहेत आणि वर मधे फुगून दोन्ही टोकांना खाली वळलेली छपरं आहेत. ती वळणं म्हणजे हौस नव्हे. कुणी किती देवड्या ठेवायच्या, एका बाजूला की दोन्ही, छप्पर कसं घ्यायचं, हे सगळं सरदाराच्या दर्जावर ठरायचं. दर्जा मोजायचा कोकूत. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, दीडशे किलोच्या आसपास. तोत्तोरीची दौलत ३,२०,००० कोकूंची. म्हणून स्वतंत्र उभं दार, दोन्हीकडे देवड्या, दोन्हींवर वळणदार छप्पर. छोट्या सरदाराला स्वतंत्र दार नाही. शिपायांच्या लांबलचक चाळीतच मधे दार काढायचं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला पाटी वाचायची गरजच नव्हती.

लाल दारात हे सगळं आहेच, पण त्याचा रंग इतका मोठ्याने बोलतो की बाकीचं ऐकू येत नाही.

कोरडा_विनोद
लेख माहितीपूर्ण, पण एक कळत नाही. वाडा नाही, वाड्याची जागाही ती नाही, मालक नाही. मारुनोउचीचं दार ताकानावाला, तिथून उएनोला. मागे काय, तर म्युझियमची हिरवळ. लग्न आटोपून मांडव उठल्यावर नुसती कमान उभी राहावी तसं. याला 'सामुराई वाड्याचं दार' म्हणून बघायला जायचं म्हणजे जरा भाबडेपणा नाही का?

लाकूडकाम
कोरडेराव, मुद्दा चुकीचा नाही, पण जपानी लाकडी बांधकामाला ही कसोटी लावली तर फारच थोडं उरेल.

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. या इमारतींत मुख्य जोड खाचा आणि कुसवांचे (म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभांचे) असतात. खांबाच्या डोक्यावर तुळई बसते, तुळईत आडवी सरं अडकतात, पाचरी मारून आवळतात. पाचर काढली की सांगाडा सुटा होतो. सुतार प्रत्येक लाकडावर खूण करतात, क्रमाने उतरवतात, कुजलेला भाग कापून तिथे नवा तुकडा सांधतात आणि दुसरीकडे पुन्हा उभं करतात. इमारत उचलून दुसरीकडे नेणं हा तिथे अपवाद नाही, रूढ काम आहे. आणि एदोकाळात सरदारांचे वाडेही काही पिढ्यान्‌पिढ्या एका जागी नसायचे. शोगुनचा हुकूम आला की वाडा रिकामा करून दुसऱ्याला द्यायचा. आग तर पाचवीला पुजलेली. १६५७ च्या आगीत अर्ध्याहून जास्त शहर गेलं, किल्ल्याचा मुख्य बुरूजसुद्धा. तो पुन्हा बांधलाच नाही.

लाल दारही हललेलं आहे बरं का. १९०३ मध्ये ते सुमारे १५ मीटर पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला सरकवलं. त्या हिशेबाने तेही बादच करायला हवं.

राहता राहिला भूकंपाचा प्रश्न. लाल दार ज्या घडणीचं आहे तीत पुढे जाड मुख्य खांब, मागे त्यांना आधार देणारे बारीक खांब, आणि छपराचा कणा मधोमध नसून थोडा पुढे, मुख्य खांबांच्या जवळ असतो. वर मातीच्या जाड कौलांचं दुपाखी छप्पर. सगळं वजन डोक्यावर आणि खाली मोठं भगदाड, कारण ते दार आहे, भिंत घालता येत नाही. १९२३ च्या भूकंपात ते उभं राहिलं हे खरं. पण एकदा राहिलं म्हणजे पुढच्या वेळी राहीलच असं नाही, आणि खालून रोज हजारो मुलं जाणार. बंद केलं ते बरोबरच केलं.

कोरडा_विनोद
कुसवांचं पटलं. भाबडेपणा शब्द मागे घेत नाही, पण उएनोला गेलो तर डावीकडे वळेन.

सिंहगडरोडवाली
निशिकासाईकर, इकेदा नाव वाचलं आणि लगेच शोधायला बसले. आमच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. कोराकुएन बांधली इकेदा त्सुनामासा यांनी, १७०० च्या सुमारास पूर्ण झाली. हे इकेदा आणि काळ्या दाराचे इकेदा एकच का?

निशिकासाईकर
वा ताई! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकाच घराण्याच्या दोन शाखा. मूळ मोठा माणूस इकेदा तेरुमासा, ज्याने आज दिसणारा हिमेजीचा पांढरा किल्ला बांधला (१६०१ ते १६०९). त्याचे नातू ओकायामा आणि तोत्तोरी सांभाळायचे. गंमत म्हणजे १६३२ मध्ये शोगुनने दोन्ही शाखांची अदलाबदल केली. ओकायामाचा लहान मुलगा मित्सुनाका तोत्तोरीला, तोत्तोरीचा मित्सुमासा ओकायामाला. कोराकुएनवाला त्सुनामासा हा या मित्सुमासाचा मुलगा. म्हणजे पुण्यातली बाग एका चुलतभावाकडची आणि उएनोचं दार दुसऱ्याकडचं.

सिंहगडरोडवाली
रविवारी तिथे लहान लहान पुलांवर फोटोसाठी रांग लागते, त्यातल्या एकालाही हे माहीत नसणार. आता पुढच्या वेळी पाहुण्यांना ऐकवते, मग ते इकेदांचं नाव काढू नका म्हणेपर्यंत ऐकवते.

होकुरिकूचा_पाऊस
लाल दाराचा विषय निघाला आणि कानाझावा नाही? मी तिथे काही वर्षं होतो, म्हणून लिहितो.

माएदांच्या कागा प्रांताची राजधानी कानाझावा. दौलत १०,२५,००० कोकू, सगळ्या दाइम्योंत पहिली. एवढा मोठा सरदार म्हणजे शोगुनला कायम धास्ती, म्हणून नातेसंबंध जोडून ठेवायचे. योहिमे हे त्यातलंच एक. इएनारी यांना पन्नासच्या वर मुलं होती. मुलगी देणं म्हणजे मान, आणि त्याच वेळी सासरच्या तिजोरीला भगदाड: नवा महाल, नव्या दासी, नवं दार. १८२७ मध्ये ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. पुढची चाळीस वर्षं एदोत. १८६८ मध्ये सगळं कोसळलं तेव्हा ती कानाझावाला गेली आणि त्याच वर्षी वारली. एदोतला महालही त्याच वर्षी जळाला. दार राहिलं.

माएदांचा लवाजमा कानाझावाहून एदोला यायला बारा-तेरा दिवस घ्यायचा, बरोबर दोन ते चार हजार माणसं. आता शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास.

कानाझावात नागामाची भागात मधल्या दर्जाच्या सामुराईंची वस्ती अजून दिसते. मातीच्या पिवळसर भिंती, पायाला दगड, मधून पाण्याचे पाट. डिसेंबरमध्ये त्या भिंतींवर गवताच्या चटया बांधतात, बर्फाने माती फुटू नये म्हणून, मार्चमध्ये काढतात. टोकियोतली दोन दारं पाहून 'यांच्या आत लोक राहायचे कसे' असा प्रश्न पडला तर उत्तर तिथे आहे. अर्थात दाइम्योचं नाही, त्याच्या नोकरीतल्या माणसांचं. पण आमच्यासारख्यांना तेच जवळचं.

चौकसबुवा
लाल दार जळालं तर पुन्हा बांधायची परवानगी नव्हती असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं की पर्यटकांसाठीची गोष्ट?

होकुरिकूचा_पाऊस
तशी रीत होती असं विद्यापीठही सांगतं. बहुतेक लाल दारं आगीत गेली आणि पुन्हा उभी राहिली नाहीत. माएदांचं टिकलं त्याचं थोडं श्रेय त्यांच्या स्वतःच्या अग्निशमन पथकाला द्यायला हवं. कागा-तोबी म्हणायचे त्यांना. धिप्पाड माणसं निवडायची, भडक नक्षीचे अंगरखे, आणि शहरच्या बंबवाल्यांशी कायम खुन्नस. 'आग आणि मारामारी ही एदोची फुलं' अशी जपानीत म्हणच आहे. दोन्हींत हे पुढे. त्या काळी पाणी मारून आग विझवण्यापेक्षा शेजारची घरं पाडून तिची वाट तोडायचे, त्यामुळे बंबवाला म्हणजे मुळात छपरावर चढणारा माणूस. कानाझावात दर जानेवारीत अग्निशमनवाले कागा-तोबींच्या वेशात उभ्या बांबूच्या शिड्यांवर कसरती करतात. थंडी मरणाची असते, तरी गर्दी होते.

जुनेफोटो
हे सगळं शहर एकसंध कसं दिसायचं ते बघायचं असेल तर फेलिचे बेआतोने आतागो टेकडीवरून घेतलेलं एदोचं रुंद छायाचित्र जरूर शोधा. १८६५-६६ च्या सुमाराचं आहे. टेकडी अवघी २६ मीटरची, पण तेव्हा तेवढ्यावरून अख्खं शहर दिसायचं. दाइम्योंच्या वाड्यांभोवतीच्या दुमजली चाळी रस्त्याच्या कडेने सरळ रेषेत पळत गेल्यात, मैलोन्‌मैल कौलं आणि पांढऱ्या भिंती. आत वाडा, बाहेर चाळीत नोकरमाणसं, चाळ हीच कुंपणाची भिंत. रस्त्यावर माणूस जवळजवळ नाही. त्या चित्रात दारं शोधायचा खेळ करा, वेळ कसा जातो कळत नाही.

आता त्याच टेकडीवर गेलात तर चारी बाजूंना काचेच्या इमारतींचे मधले मजले दिसतात. माझ्या मते तरीही जावं. जिना उभाच्या उभा आहे, गुडघे असतील तरच.

आईआज्जी
गुडघ्यांचा विषय निघाला म्हणून विचारते. मी मे महिन्यात मुलीकडे येते आहे, ती कामाला जाईल, मी दिवसभर एकटी. उएनोहून होंगो चालत जमेल का? आणि लाल दार बंदच असेल तर तिकडे जायचंच कशाला?

निशिकासाईकर
नक्की या आज्जी. मे उत्तम, फक्त पहिल्या आठवड्यातली सुट्ट्यांची गर्दी टाळा.

शनिवार किंवा रविवार निवडा, कारण काळं दार शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशीच उघडतात, सकाळी १० ते दुपारी ४. इतर दिवशी बंद दार रस्त्यावरून दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत. पण उघड्या दारात उभं राहून वर बघितलं की तुळयांची जाडी आणि लोखंडी पट्ट्या कळतात. त्यासाठी म्युझियमचं तिकीट काढा. मी गेलो तेव्हा १००० येन होतं. सोमवारी म्युझियम बंद.

तिथून पार्क उतरून शिनोबाझु तळ्याच्या काठाने या. वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत. तळं ओलांडलं की डावीकडे इवासाकींची जुनी कोठी लागते, १८९६ ची, इंग्रज वास्तुरचनाकार जोसाया काँडरने बांधलेली. हे इवासाकी म्हणजे मित्सुबिशीवाले. मारुनोउचीची फौजेकडची ओसाड जमीन सरकारने विकायला काढली तेव्हा १८९० मध्ये त्यांनीच ती घेतली. दोन वर्षांत इकेदांचं दार तिथून हललं. तेव्हा कोठी बघायची नसली तरी फाटकाशी क्षणभर थांबून एक तिरका कटाक्ष टाकून पुढे जावं, असा माझा रिवाज आहे.

पुढचा चढ तेवढा आहे. तो नको असेल तर उएनोहून टॅक्सी करा किंवा होंगो-सानचोमे स्टेशनावर उतरा, तिथून लाल दार सपाट रस्त्याने पाच-सात मिनिटं.

आणि बंद असलं तरी जायचं कशाला, तर कौलांसाठी. छपरावर तीन सत्ता एकत्र दिसतात: तोकुगावांचं तीन पानांचं चिन्ह, माएदांचं उमेच्या (जपानी प्लमच्या) फुलाचं, आणि विद्यापीठाचं 'विद्या' हे अक्षर. डोळे चांगले असतील तर नुसते, नाहीतर फोनचा कॅमेरा मोठा करून बघा. मग शेजारच्या फाटकातून आवारात शिरा, कुणी अडवत नाही. आतलं झाडीतलं तळं माएदांच्या बागेचं आहे, सतराव्या शतकातलं. उतार निसरडा आहे, काठावरूनच बघा.

लाकूडकाम
थोडी भर. २०२७ मध्ये या दाराला २०० वर्षं होतात आणि १८७७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला १५०. दुरुस्तीसाठी विद्यापीठ देणग्या गोळा करतंय. ज्यांना घाई नाही त्यांनी तोवर थांबून बघावं.

आणि ज्यांना छोट्या दर्जाचं दार बघायचंय, चाळीतलं, त्यांनी अकासाकाला जा. तिथल्या यामावाकी शाळेच्या आवारात होंडा घराण्याच्या मारुनोउचीतल्या वाड्याचं लांबलचक दार आहे. ते फिरत फिरत चिबातल्या कुजुकुरीच्या समुद्रकिनारी गेलं होतं, तिथे शेपटीच्या उभयचरांवर, म्हणजे सॅलॅमँडरवर, संशोधन करणाऱ्या संस्थेच्या ताब्यात होतं. २०१६ मध्ये टोकियोत परत आणलं. मुलींची शाळा आहे, तेव्हा बाहेरूनच बघा आणि कॅमेरा दाराकडेच ठेवा.

कोरडा_विनोद
सामुराईच्या दारामागे सॅलॅमँडर. आता मात्र मला हे दार बघायलाच हवं.

आईआज्जी
निशिकासाईकर, फार नीट सांगितलंत, लिहून घेतलं. एकच शंका: शनिवारी पाऊस असेल तर?

निशिकासाईकर
हवा खराब असेल तर काळं दार उघडत नाहीत. म्हणून शनिवार पकडा, म्हणजे हुकलं तर रविवार हाताशी राहतो. आणि मुलीला रविवारी सुट्टी असेल तर तिलाही ओढून न्या, इतकी वर्षं टोकियोत राहून तिनेही बघितलं नसणार.

आईआज्जी
नाहीच बघितलं. आत्ताच फोन करून विचारलं. म्हणाली, 'कुठलं दार?'